आमच्या टाकीला कंट्रोलर कसा मिळाला

एप्रिलमध्ये सोलापुरात घराच्या भिंती रात्री अकरा वाजताही हाताला गरम लागतात. तशाच एका भिंतीला लागून, जुळे सोलापुरातल्या आमच्या हॉलमध्ये, समुद्राचं पाणी आहे. टाकी आणि तिच्या खालची जोडटाकी, म्हणजे सम्प, मिळून 110 लिटर. त्यात हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी आहे, एक गोबी मासा आहे, दोन कोळंब्या आहेत आणि दगडांवर झोअँथस, मशरूम आणि एक लेदर कोरल असे मऊ प्रवाळ. समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर. मालवणला पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून प्रवाळ बघितलं आणि ते डोळ्यांपुढून हललंच नाही. टाकी उभी राहायला मध्ये पाच वर्षं गेली.

कंट्रोलर, म्हणजे टाकीचे पंप, हीटर, पंखा आपोआप सांभाळणारं यंत्र, घ्यायचं एका रात्रीनं ठरवलं.

तोवर आमचं सगळं वायफाय प्लगांवर चालायचं. दिवे, पाणी फिरवणारा वेव्हमेकर, सम्पमधून पाणी वर आणणारा पंप, पाण्यावर वारा मारणारा पंखा, प्रत्येकाला एक प्लग. मोबाइलवर वेळा लावून दिल्या होत्या आणि वर्षभर काही बिघडलं नव्हतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली, साडेचारला आली. आमचा इन्व्हर्टर तेव्हा फक्त घरातले पंखे आणि ट्यूबलाइट उचलायचा, त्यामुळे मला जागही आली नाही. सकाळी सातला हॉलमध्ये आलो तर टाकीचं पाणी काचेसारखं स्थिर. लाईट येऊन अडीच तास झाले होते आणि एकही पंप फिरत नव्हता. ते प्लग लाईट गेल्यावर बंद होत आणि परत आल्यावर बंदच राहत. कारखान्यातूनच तशी सेटिंग होती. इस्त्रीसाठी, गिझरसाठी ती बरोबरच आहे. टाकीसाठी ती घातक होती. पाणी 30.4 अंशांवर गेलं होतं. गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी मावतो, त्यात पृष्ठभाग हलत नसला की वरून नवा येणंही थांबतं. आमचा फायरफिश तळाशी आडवा पडला होता. आठ महिने आमच्याकडे होता, मुलीच्या हातून खायचा. तिनं त्या दिवशी शाळेचा डबा तसाच परत आणला.

ती सेटिंग बदलायला मोबाइलवर अर्धा मिनिट लागतं. पण ती आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि अशा आणखी किती गोष्टी ठाऊक नसतील या विचारानं मी शोधाला लागलो.

पहिलं नाव समोर आलं ते नेपच्यून सिस्टिम्सच्या एपेक्सचं. रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची टाकी, ठेवणाऱ्यांत ते नाव माहीत नसलेला माणूस विरळा. तापमान, पीएच, क्षारता (पाण्याचा खारटपणा), गळती, कॅल्शियमसारख्या पूरक द्रव्यांचे डोस, सगळं एका मेंदूला जोडलेलं आणि सगळं फोनवर दिसणारं. मग जर्मनीच्या जीएचएलचा प्रोफिलक्स बघितला, मग हायड्रॉस. महिनाभर रोज रात्री जेवण झालं की मी हेच वाचत बसायचो, आणि मनानं एपेक्स जवळजवळ घेऊन टाकला होता. अडलं ते विजेशी. एपेक्सचा अमेरिकेत मिळणारा पॉवरबार 120 व्होल्टचा आहे, आपल्या भिंतीत 230. मार्ग निघतात, पण प्रत्येक मार्गावर आणखी एक रिले (विजेनं चालू-बंद होणारा स्विच), आणखी एक डबा, आणखी एक जोड येतो. आणि हा मेंदू मे महिन्यात बसला तर बदली येईपर्यंत टाकी थांबणार नाही. सोलापुरात तो उघडून बघणारं कुणी नाही. पीएचचा काचेचा प्रोब तर दर वर्ष-दीड वर्षाने बदलावा लागतो आणि मध्ये मध्ये 7 आणि 10 च्या द्रावणात कॅलिब्रेट करावा लागतो. म्हणजे खर्च एकदा करून संपणारा नव्हता.

याच काळात एक साधी गोष्ट मी उशिरा विचारात घेतली, ती म्हणजे आमच्या टाकीत नेमकं आहे काय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आपल्याकडचे रीफ बांधणारे कठीण प्रवाळ आहेत, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही आहेत. बाजारात कुणी काहीही दाखवलं तरी मी त्यांच्या वाटेला जात नाही आणि कुणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मालवणच्या पाण्यात जे बघितलं ते तिथेच राहायला हवं. आमच्याकडे फक्त मऊ प्रवाळ आहेत. मऊ प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधत नाहीत, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी पाण्यातून भराभर खेचली जात नाही. दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदललं की भागतं. मोठ्या कंट्रोलरची निम्मी किंमत ज्यासाठी मोजायची ते डोसिंग आणि पीएच मला लागतच नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच: पाणी 26 च्या आसपास राहावं, उडालेलं पाणी भरून निघावं, आणि लाईट गेली-आली तरी पंप फिरत राहावेत.

शेजारी अण्णा राहतात. वय सत्तरीच्या पुढे, उभं आयुष्य यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, म्हणून काढलेलं. टॉवेलच्या कारखान्यात चोवीस मागांचा आवाज ऐकून कुठला माग आजारी आहे हे सांगायचे. संध्याकाळी ते टाकीसमोर येऊन बसतात. मी त्यांना लॅपटॉपवर सगळे कंट्रोलर दाखवत होतो, हा काय करतो, तो काय करतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चालायला कुणालाबी येतंय. थांबायला येतंय का त्याला?"

मला कळलं नाही. मग त्यांनी बोटांनी हवेत माग उभा केला. धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो, एका बाजूला छोटा काटा असतो, वेफ्ट फोर्क. प्रत्येक फेरीला बाण्याचा धागा त्या काट्याला ढकलतो. धागा तुटला की काटा ढकलला जात नाही, तो हुकात अडकतो, हँडल सुटतं आणि माग उभा राहतो. "धागा हाय म्हणून माग चालतो," अण्णा म्हणाले. "तुटला हे कुणी सांगायला लागत नाही. उलटं केलं असतं, तुटल्यावर काट्यानं काहीतरी करायचं, तर काटा अडकला त्या दिवशी सगळं कापड वाया."

त्या रात्री मी सगळी यादी पुन्हा काढली. कोणता कंट्रोलर काय करतो हे सोडून दिलं आणि प्रत्येकापुढे लिहीत गेलो की याची वायर तुटली तर काय, लाईट गेली तर काय, इंटरनेट गेलं तर काय, रिले चिकटला तर काय.

रीफ-पाय मला फार आवडलं होतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी ही मुक्तस्रोत प्रणाली आहे, घरातल्या घरात चालते, बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर अवलंबून नाही. तापमानासाठी त्याला डीएस18बी20 नावाचा सेन्सर लावतात. तो स्वस्त असतो आणि अर्ध्या अंशापर्यंत अचूक. पण या सेन्सरच्या दोन खोडी आहेत. त्याला वीज नीट पोचली नाही की तो 85 अंश सांगतो, कारण सुरू होताना त्याच्या पोटात तोच आकडा असतो. आणि आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर नेहमी वापरतात त्या तयार प्रोग्राममध्ये वायर सुटली की आकडा येतो उणे 127. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे आकडे अडवले नसतील तर काय होईल? पाणी उणे 127 अंशांचं आहे असं समजून हीटर चालू होईल आणि चालूच राहील. तुटलेला धागा इथे माग थांबवत नाही, पळवतो. शिवाय पायचं मेमरी कार्ड. चालू असताना लाईट वारंवार गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट वारंवार जातेच.

मग एसटीसी-1000 बघितला. अंडी उबवण्याच्या यंत्रांत वापरतात तसला छोटा तापमान नियंत्रक, काही शे रुपयांचा. त्याला वायफाय नाही, फोन नाही, तारीख-वेळसुद्धा कळत नाही. एक सेन्सर, दोन रिले, एक थंड करायला आणि एक गरम करायला. आणून त्याला हीटरऐवजी एक बल्ब जोडला आणि चालू असताना सेन्सरची वायर कात्रीनं कापली. पडद्यावर ईई अशी अक्षरं आली, बजर वाजू लागला, बल्ब विझला. अण्णा शेजारी बसून बघत होते. त्यांनी मान हलवली. माझ्या दृष्टीनं निवड तिथे झाली.

त्याला 26 वर बसवलं, मागेपुढे अर्धा अंश. 25.5 च्या खाली हीटर, 26.5 च्या वर पंखा. हीटर सोलापुरात कशाला, असं पाहुणे विचारतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत इथे पहाटे चांगलीच थंडी असते, रात्रीत पाणी चार अंश उतरू शकतं. आता या नियंत्रकाचा रिले चिकटून बसला तर? रिलेचे संपर्कबिंदू जळून एकमेकांना चिकटतात ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 27 वर ठेवला. रिले चिकटला तरी हीटर 27 ला स्वतः बंद होईल. सेन्सर पाण्यातून बाहेर पडून हवेत लोंबकळला तरी तीच राखण. उन्हाळ्यात तो हवेतली 36 वाचेल, मग पंखा अखंड चालेल, त्यात पाणी जास्त उडण्यापलीकडे नुकसान नाही.

पंख्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावा असं मलाही बरेच दिवस वाटत होतं. एक लिटर पाणी उडताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. दिवसाला 3 लिटर उडालं तर ते 24 तास चालू असलेल्या 80 वॉटच्या थंडाव्याइतकं होतं. आपली हवा मार्च ते मे इतकी कोरडी की साधा क्लिपचा पंखा पाणी चार-पाच अंशांनी खाली आणतो. कोकणात हे जमणार नाही. चिलर थंड करतो पण तीच उष्णता खोलीत ओकतो, आणि बिघडला की पुन्हा तोच प्रश्न, दुरुस्त कोण करणार. पंखा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. एक बघण्यात आलं: हॉलमध्ये कूलर लावला की खोली थंड होते पण हवा दमट होते, मग पाणी कमी उडतं. दिवसाला साडेतीन लिटर लागायचं ते दोनवर येतं. दोन्ही मिळून पाणी 27 च्या आत राहतं, तेव्हा तक्रार नाही.

पण उडालेलं पाणी भरायला हवं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. 110 लिटरातून 3 लिटर गेलं की क्षारता (दर किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार) 35 वरून 36 वर. तीन दिवस दुर्लक्ष केलं तर 38. भरायचं ते आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार काढलेलं, टीडीएस शून्य असलेलं पाणी. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे आलं त्या दिवशी कॅन भरून ठेवायचे. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला आणि कुंड्यांना.

उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या या टॉप-अपमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला वाटतं तो तिथेच घालवायला हवा. फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीबरोबर तरंगत चालू-बंद होणारा स्विच, दोन तऱ्हांनी लावता येतो. तरंगता तुकडा काढून उलटा बसवला की त्याचं काम उलटतं. पाणी कमी झाल्यावर जोडला जाणारा आणि पाणी पुरेसं असताना जोडलेला, दोन्ही चालतात आणि चांगल्या दिवशी दोन्हीत फरक दिसत नाही. वायर तुटली की दिसतो. पहिल्यात पंप बंद राहतो. दुसऱ्यात कंट्रोलरला वाटतं पाणी कमी आहे, आणि तो भरत सुटतो. मी पहिला घेतला. त्याच्या वर बोटभर अंतरावर दुसरा फ्लोट, पंपाच्या त्याच वायरीत. पहिल्यावर गोगलगाय चढून तो दाबून बसली तर दुसरा तोडेल. टाकीत गोगलगायी असतील तर हे आज ना उद्या होतंच. त्यावर वेळेची मर्यादा: एका वेळी पंप दोन मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही.

आणि तरीही हे सगळं फसलं तर? तेव्हा गणित केलं. माझ्याकडे 25 लिटरचा कॅन जोडायचा विचार होता, रोज बघायला नको म्हणून. तो सगळा आत गेला तर 35 ची क्षारता 28.5 वर येते. कोळंब्या त्यात वाचतीलच असं नाही. 8 लिटरचा डबा सगळा आत गेला तर 32.6. ते वाईट आहे, पण त्यातून सावरता येतं. डबा 8 लिटरचाच ठेवला. उन्हाळ्यात दोन दिवसांनी भरावा लागतो, तो भरताना टाकीकडे नीट बघणंही होतं.

पहिल्याच चाचणीत पंप बंद झाला आणि पाणी वाहतच राहिलं. मला वाटलं रिले चिकटला. प्लग उपटला तरी पाणी चालूच. डबा सम्पपेक्षा उंचावर होता आणि नळीचं तोंड पाण्यात बुडलेलं, म्हणजे सायफन लागला होता. नळीचं तोंड डब्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणून हवेत उघडं ठेवलं तेव्हा थांबलं. आधी बादलीवर चाचणी घेतली होती म्हणून बरं.

विजेचं काम ओळखीच्या वायरमनकडून करून घेतलं. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, मला हवाच होता, खाऱ्या पाण्यात हात घालतो आपण, मुलगीही घालते. पण एकच बसवला तर हीटरची काच तडकून करंट गळला की सगळंच बंद, पंपसुद्धा. म्हणून दोन बसवले. एकावर हीटर आणि दिवे, दुसऱ्यावर दोन्ही पंप, आणि तो दुसरा इन्व्हर्टरच्या लाइनवर. इन्व्हर्टरही बदलला. जुना चौकोनी लहरींचा होता, त्यावर पंप गुणगुणायचा आणि तापायचा. नव्या, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर शांत चालतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एक झोळ घेऊन मग वर जाते, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

रीफ-पाय शेवटी आणलंच, पण त्याच्या हातात एकही रिले दिला नाही. तो फक्त बघतो. त्याचा स्वतःचा तापमानाचा सेन्सर आहे, स्टीलच्या टोपणाला गंज धरू नये म्हणून वर श्रिंक ट्यूब चढवलेली. दर मिनिटाला आकडा नोंदवतो, 27.5 च्या वर किंवा 24.5 च्या खाली गेलं की ईमेल पाठवतो. राउटरला जो छोटा यूपीएस लावला आहे त्याच्यावरच पायचीही वायर आहे, त्यामुळे लाईट गेली तरी दोघंही जागे राहतात. पाय बंद पडला तर टाकीला काही होत नाही, फक्त मला आलेख दिसत नाही. नवा इन्व्हर्टर सोडून सगळ्याला मिळून 14 हजारांच्या आत खर्च आला.

हे सगळं टाकीच्या भरवशावर सोडण्याआधी आठवडाभर मी रोज एक गोष्ट बिघडवली. एके दिवशी मेन स्विच पाडला, एके दिवशी फ्लोट बोटानं दाबून धरला, एके दिवशी सेन्सर बाहेर काढून टेबलावर ठेवला. मुलगी वहीत लिहायची: काय बिघडवलं, काय झालं, किती वेळात. ती वही टाकीखालच्या कप्प्यातच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्यातली सगळी पानं पुन्हा करतो.

या मे महिन्यात लग्नासाठी दोन दिवस अकलूजला होतो. जेवणाच्या पंगतीत असताना फोनवर ईमेल आला, 27.6. दहा मिनिटांनी 27.7. किल्ली अण्णांकडे होती. त्यांना फोन लावला. दार उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग म्हणाले, "पंखा उभा हाय. लाल दिवा लागलाय, करंट येतोय, पातं फिरंना."

पंख्याच्या दांड्यावर मिठाचा थर साचून तो जाम झाला होता. टाकीवरच्या बारीक तुषारांचं मीठ, वहीत ते आम्ही कधी लिहिलंच नव्हतं. अण्णांनी घरून पेचकस आणि खोबरेल आणलं, जाळी उघडली, दांडा ओल्या फडक्यानं पुसला, तेलाचे दोन थेंब सोडले. फोन तसाच चालू ठेवून मी मांडवाबाहेर उभा होतो. पातं फिरायला लागलेलं मला ऐकू आलं. पाऊण तासात 26.9.

परत आल्यावर वहीत नवं पान घातलं आणि दुसरा पंखा आणला. एक एसटीसीवर आहे, दुसरा साध्या टायमरवर, दुपारी एक ते सहा. जाळ्या दर रविवारी धुतो.